येरळवाडी-मायणीची वसंतातली पक्षीफेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाशिवरात्र झाली की फोन सुरू होतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आम्ही काही जण रविवारी खटाव तालुक्यातल्या तलावांवर जातो. सोबत यायचं असतं त्यांचे प्रश्न दर वर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. एक गोष्ट आधीच सांगतो. बरीच उत्तरं फिरून फिरून पाण्याच्या पातळीवर येतात. त्याला इलाज नाही, तिथं सगळं पाण्यावरच ठरतं.

1. ही ठिकाणं नेमकी कुठं आहेत? आणि दुष्काळी भागात पाणपक्षी येतात कसे?

दोन्ही सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव करत वडूजला यायचं. तिथून येरळवाडी जवळ आहे आणि मायणी त्याच्या पुढं. सांगलीकरांना तासगाव, विटा, मायणी हा रस्ता सरळ पडतो. सांगलीहून दोन तास धरा, साताऱ्याहून वडूजपर्यंत दीड.

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला खटाव-माणमध्ये सरासरी 500 च्या आसपास. ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात. पाऊस नाही म्हणून तलाव बांधायची वेळ आली. मायणीचा आणि नेरचा तलाव इंग्रजांच्या काळातले, येरळवाडीचं धरण येरळा नदीवरचं. हीच येरळा पुढं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. जमीन सपाट असल्यामुळं इथं पाणी खोल न होता पसरतं. कोयनेच्या जलाशयात पाणी अफाट, पण ते खोल आणि काठ उभे. चिखलात चोच घालून खाणाऱ्या पक्ष्याला त्याचा काय उपयोग? त्याला गुडघाभर पाणी लागतं, ते इथं एकरांनी मिळतं.

2. मायणी अभयारण्य आहे ना?

बोलण्यात सगळे अभयारण्यच म्हणतात. कागदावर 2021 पासून ते ‘संवर्धन राखीव’ आहे. वन्यजीव कायद्यातला हा प्रकार 2002 च्या दुरुस्तीनं आला. त्यात आसपासच्या लोकांचे आधीचे हक्क काढून घेतले जात नाहीत. म्हणून काठावर गुरं दिसतील, मोटरी दिसतील, जाळी टाकणारे दिसतील. ‘अभयारण्यात म्हशी कशा?’ म्हणून त्यांच्यावर डाफरू नका. म्हशी तुमच्या आधीपासून तिथं आहेत, आणि गायबगळ्यांना त्या तुमच्यापेक्षा जास्त आवडतात.

3. लोक डिसेंबरात जातात. तुम्ही मार्चमध्ये का नेता?

डिसेंबर-जानेवारीत बदकांची संख्या जास्त असते, हे खरं. पण तेव्हा तलाव भरलेला असतो आणि बदकं मधोमध काळ्या ठिपक्यांसारखी तरंगत बसतात. मार्चमध्ये पाणी मागं सरतं, चिखल उघडा पडतो आणि पक्षी कडेला येतात.

दुसरं म्हणजे या दिवसांत जाणारे आणि राहणारे एकाच काठावर दिसतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक निघायच्या तयारीत असतात. टिटव्या, शेकाटे आणि नदी सुरय घरटं मांडायच्या. आणि सगळ्यांचे कपडे नवे. थंडीभर मातकट दिसणारा पिवळा धोबी मार्चअखेर हळद लावल्यासारखा होतो. मला विचाराल तर धोब्याचा हा बदल पाहायला मी फ्लेमिंगोंकडं पाठ करून उभा राहतो. सोबतचे वैतागतात.

4. फ्लेमिंगो नक्की दिसतील का?

नाही. म्हणजे खात्री नाही. काही वर्षं मार्चमध्ये शेकड्यानं असतात, काही वर्षं एकही नसतो. कारण पाणीच. तलाव काठोकाठ असेल तर त्यांना चरायला उथळ जागा उरत नाही. पार आटला तर प्रश्नच मिटला. मधली अवस्था लागते. पूर्वी ‘मायणीचे फ्लेमिंगो’ म्हणायचे. मायणीचा तलाव गाळानं भरत गेला आणि आता ते येरळवाडीला जास्त दिसतात.

खटाव-माणला कृष्णेचं पाणी उचलून देणाऱ्या जिहे-कठापूरसारख्या योजना आल्या. उन्हाळ्यात तलावात पाणी आलं तर शेतकऱ्याच्या घरी दिवाळी, आणि फ्लेमिंगो दुसरीकडं उडून जातात. याबद्दल हळहळणारे मेसेज आम्हाला येतात. आमचं म्हणणं सरळ आहे : ज्या गावानं टँकरच्या रांगा पाहिल्यात तिथं उभं राहून ‘पाणी कशाला सोडलं’ असं म्हणायची आपली हिंमत होऊ नये.

5. फ्लेमिंगो समुद्रकाठचे पक्षी. ते इथं घाटावर काय करतात?

त्यांना समुद्र नव्हे, उथळ पाणी लागतं. ते खारं असलं तरी चालतं, गोडं असलं तरी चालतं. आपल्याकडं येतो तो मोठा रोहित, ज्याला अग्निपंखही म्हणतात. त्याची वीण मुख्यत: कच्छच्या रणात होते, आणि तिथून तो पाणी पाहून भटकतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला लोक पाहतात तो हाच. ठाण्याच्या खाडीत जे हजारोंचे गुलाबी थवे दिसतात त्यात बहुसंख्य छोटा रोहित असतो. खाडीच्या त्या भागाला 2015 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला.

दोन्ही ओळखायला चोच पाहा. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. छोट्याची जवळजवळ सगळीच गडद, दुरून काळपट. उंचीतही फरक आहे, पण शेजारी दुसरा उभा नसेल तर उंचीचा अंदाज फसतो.

खाताना पाहायला विसरू नका. डोकं उलटं करून तो चोच पाण्यात घालतो, म्हणजे वरची चोच खाली येते. जीभ मागं-पुढं करून पाणी आत ओढतो आणि बाहेर फेकतो. चोचीच्या कडेला बारीक दातेरी गाळणी असते, तीत शेवाळ आणि बारीक जीव अडकतात. गुलाबी रंग त्याच खाण्यातून येतो. मधूनच तो एका जागी पाय आपटत गोल फिरतो. तो नाच नसतो, तळचा गाळ ढवळणं असतं.

6. सकाळी किती वाजता पोचायचं? कुठल्या काठावर उभं राहायचं?

मार्चच्या मध्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. त्याआधी काठावर असायचं, म्हणजे साताऱ्याहून पाचच्या आत निघायचं. ‘सात वाजता निघून आरामात’ हा बेत करू नका. दहानंतर जमिनीतून झळा उठतात आणि दुर्बिणीत सगळे पक्षी पाण्याखाली असल्यासारखे हलतात. महागडी दुर्बीणही याला काही करू शकत नाही.

सकाळी पूर्वेच्या काठावर राहा, ऊन पाठीवर घ्या. समोरच्या काठावर उभं राहिलात तर प्रत्येक पक्षी काळा दिसेल. संध्याकाळी उलट. एवढं एक पाळलं तरी निम्मी ओळख सोपी होते.

7. दुर्बीण कुठली घेऊ? मोबाइलवर फोटो येतात का?

पहिली दुर्बीण 8×42 घ्या. 8 म्हणजे आठपट जवळ, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 10×42 मध्ये पक्षी थोडा मोठा दिसतो, पण हाताचा थरथराटही तेवढाच मोठा होतो. घाई करून विकत घेऊ नका, पहिल्या फेरीला आमची वापरून पाहा.

नुसत्या मोबाइलवर फ्लेमिंगो म्हणजे तांदळाचे दाणे येतात. दुर्बिणीच्या एका डोळ्याला मोबाइलचा कॅमेरा टेकवून बऱ्यापैकी फोटो निघतो. जमायला दहा मिनिटं लागतात आणि शेजाऱ्याच्या शिव्या खाव्या लागतात.

8. काय घालू, खायला काय आणू?

मातकट, खाकी, मळकट हिरवं. पांढरा शर्ट घरी ठेवा. पहाटे स्वेटर लागतो, अकराला टोपी. पाणी माणशी दोन लिटर, कारण काठावर सावली म्हणजे एखादी बाभूळ, आणि तिच्याखाली काटे. पायात बूट हवेत, चप्पल नको.

खायला भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. सांगलीकर भडंग आणतात. आणा, पण घरूनच डब्यात भरून आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कुरकुर आवाज शांत पाण्यावर लांब जातो. स्वच्छतागृहाची सोय वाटेत वडूजला किंवा विट्याला करून घ्या.

9. लहान मुलांना आणलं तर चालेल का?

चालेल. आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुलं आमच्यापेक्षा चांगली पाहतात. एका पोरानं दाखवलेल्या ‘पाणकावळ्या’वर आम्ही मोठी माणसं वीस मिनिटं चर्चा करत होतो, छोटा की मध्यम. शेवटी त्यानंच सांगितलं, ‘काका, तो मोटरीचा पाइप आहे.’ धुळवडीच्या दिवशी मात्र मुलांना नाही, मोठ्यांनाही नाही. त्या दिवशी फेरी नसते.

10. मला पांढरा-गुलाबी मोठा पक्षी दिसला. फ्लेमिंगोच ना?

दहातल्या चार वेळा तो चित्रबलाक असतो. त्याच्या पाठीमागं शेपटीजवळ गुलाबी पिसं असतात, आणि उभा राहिला की तीच आधी डोळ्यात भरतात. चोच पाहा. चित्रबलाकाची लांब, पिवळी, टोकाला किंचित खाली झुकलेली आणि चेहरा नारिंगी, बिनपिसांचा. फ्लेमिंगोची चोच मध्येच मोडल्यासारखी वाकलेली. चमचा हा तिसरा उमेदवार, तो पांढराच असतो, आणि त्याची पळीसारखी चोच एकदा दिसली की पुन्हा घोटाळा होत नाही. फ्लेमिंगो उडाला तर शंका उरतच नाही : मान आणि पाय दोन्हीकडं काठीसारखे ताठ, पंख लालभडक आणि कडेला काळे.

11. थव्यात दोन-चार करडे, मळके फ्लेमिंगो होते. आजारी आहेत का?

नाही, ती पिल्लं. पहिली काही वर्षं ती करडीच असतात, गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो (प्रश्न 5 पाहा). थव्यात करडे दिसले तर आनंद माना, म्हणजे मागचा हंगाम बरा गेला.

12. मरून रंगाच्या पाठीचा बगळा पुस्तकात सापडत नाही. नवा पक्षी आहे का?

हा प्रश्न दर वर्षी मार्चअखेर येतो. ती आपली ढोकरी, म्हणजे वंचक. थंडीभर मातीच्या रंगाची, बसली की दिसत नाही, उडाली की अचानक पांढरे पंख. वसंतात तिच्या पाठीवर वाइनसारखा गडद लाल रंग चढतो आणि मान पिवळसर होते. गायबगळ्याचंही तसंच, त्याचं डोकं आणि मान शेंदूर फासल्यासारखी नारिंगी होते. छोट्या बगळ्याला डोक्यामागं दोन लांब पिसं फुटतात. त्याची खूण म्हणजे पाय काळे आणि पंजे पिवळे, जणू मोजे घालून चिखलात उतरलाय. पुस्तकात एकाच चित्रावर विसंबू नका, विणीच्या काळातलं चित्र शोधा.

13. पट्टकदंब कोणता, आणि तो मार्चमध्ये असतो का?

राखी रंगाचा हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. वीण मंगोलिया, तिबेटकडं, आणि जाता-येता हिमालय ओलांडतो. सात हजार मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालेली आहे. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात भेटण्याची आशा ठेवा, गुढीपाडव्यापर्यंत बहुतेक गेलेले असतात. उशिरा आलात तर काठावरची विष्ठा आणि कुरतडलेलं गवत पाहून समाधान माना.

14. शेतकरी फटाके वाजवून पट्टकदंब हाकलतात. तक्रार करावी का?

पट्टकदंब गवतासारखंच हरभरा, गहूही खुडतात, तेही रात्रीतून. ज्याचा वाफा गेला त्याला पक्ष्याचं हिमालयातलं कौतुक सांगून उपयोग नाही. आवाज करून शेतातून उठवणं आणि फासे लावणं किंवा विष टाकणं यात फार फरक आहे. दुसरा प्रकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तो दिसला तर स्वत: वाद न घालता वन खात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. जखमी पक्षी सापडला तरी हाच क्रमांक. तोवर त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी चोचीत ओतू नका.

15. तलाव आटलेला असतो. भेगाळलेल्या जमिनीवरून चालत पाण्यापर्यंत गेलं तर काय बिघडलं?

बरंच. आणि हा प्रश्न वाचणाऱ्यांनी बाकीचं सोडलं तरी हे उत्तर पूर्ण वाचावं.

पहिलं, वरून सुकलेला गाळ आतून ओला असतो. एकदा आमच्यातला एक जण मांडीपर्यंत रुतला. त्याला ओढून काढला, बूट अजून तिथंच आहे.

दुसरं जास्त महत्त्वाचं. टिटवी, कंठेरी चिखल्या, नदी सुरय यांची वीण मार्चपासून सुरू होते, शेकाटे थोडं मागून. यातले बहुतेक घरटं बांधतच नाहीत. उघड्या पडलेल्या तळावर, ढेकळांत, खड्यांत एक खळगी आणि त्यात अंडी. अंड्यांचा रंग मातीचा, वर काळे ठिपके. दोन पावलांवरून दिसत नाहीत.

त्यात या जमिनीवर गाळपेर असते. पाणी मागं सरेल तसं शेतकरी ओल्या गाळात पीक घेतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका तुकड्याच्या कडेनं चाललो होतो. बैलजोडीमागचे मामा लांबूनच ओरडले, ‘पाव्हणं, तिकडनं फिरा, अंडी हायती!’ जवळ जाऊन पाहिलं तर नांगरटीच्या मधोमध चार हातांचा तुकडा तसाच सोडलेला, खुणेला बाभळीची फांदी रोवलेली. टिटवी वीस पावलांवर पंख ओढत, लंगडल्याचं सोंग करत आम्हाला दुसरीकडं न्यायला बघत होती. मामांना विचारलं, एवढी जागा वाया? ते म्हणाले, ‘उंचावर घातलीयत. पाऊस चांगला हाय म्हणायचा.’ टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, हा आपल्याकडचा जुना ठोकताळा. तो खरा की खोटा यात मी पडत नाही, अंडी वाचली.

तेव्हा चालायचं ते बांधावरून किंवा रुळलेल्या वाटेनं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ‘टिटिव टिटिव’ ओरडायला लागली तर तुम्ही चुकीच्या जागी आहात. आल्या पावली मागं फिरा.

16. थवा उडतानाचा व्हिडिओ हवा होता. एक टाळी वाजवली तर?

नको. मार्चमध्ये हे पक्षी पुढच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. पाच जणांनी पाच वेळा उडवलं की दिवसभराचं चरणं गेलं. अशी टाळी वाजवणाऱ्या एका पाहुण्याला आम्ही पुढच्या फेरीला बोलावलं नाही, मग तो आमचा नातेवाईक असला तरी. ड्रोनला तर साफ नाही. पक्ष्यांच्या लेखी वरून येणारी वस्तू म्हणजे शिकारी, आणि घरट्यावरचे पक्षी उन्हात अंडी उघडी टाकून उठतात. वाट पाहा. एखादा दलदली भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, खालून गेला की सगळा तलाव आपोआप उठतो.

17. मर्लिन अॅप वापरू का? त्यावर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावता येतो म्हणतात.

ऐकायला वापरा, वाजवायला नाही. आवाजावरून नाव सुचवण्यात ते चांगलं आहे. गावात जाळं कधी असतं कधी नसतं, म्हणून भारताचा पॅक घरीच उतरवून घ्या. विणीच्या दिवसांत नर पक्ष्याला त्याच्याच जातीचा आवाज ऐकवणं म्हणजे त्याच्या दारात प्रतिस्पर्धी उभा करणं. तो खाणं सोडून भांडायला येतो. घरट्याची जागा फोटोसोबत कुठं टाकू नका, हेही त्यातच आलं.

18. शेकडो पक्षी मोजायचे कसे?

दहा मोजा. ते दहा जेवढी जागा व्यापतात ती डोळ्यात धरा, मग तो तुकडा थव्यावर ठेवत जा. हलणाऱ्या वारकऱ्यांवर हे लवकर जमतं. वारकरी म्हणजे काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला. दोघांनी वेगवेगळं मोजा आणि मग आकडे सांगा, आधी सांगितलात की दुसऱ्याचा आकडा तिकडंच झुकतो. नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, सोबत पाण्याची पातळीही लिहा. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते, त्यामुळं मार्चच्या नोंदी तशा विरळ असतात.

19. पक्ष्याच्या गळ्यात पट्टी किंवा पायात कडं दिसलं तर?

पकडायला जाऊ नका. रंग, अक्षरं आणि आकडे वाचता आले तर लिहून घ्या, अर्धे वाचले तरी चालतील, जमला तर फोटो काढा. मग ही माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला पाठवा, त्यांचं कडी घालण्याचं काम जुनं आहे. मंगोलियात गळपट्टी बांधलेले पट्टकदंब कर्नाटकात दिसलेले आहेत, म्हणजे आपल्या डोक्यावरूनच गेले असणार.

20. पाणीच नाही असं कळलं. रविवार फुकट गेला का?

मग सागरेश्वर. सांगली जिल्ह्यातलं हे अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर झाडं लावून ते उभं राहिलं. तिथं पाणपक्षी शोधू नका. तांबट, हळद्या, सूर्यपक्षी, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक. पळस, पांगारा फुलला असेल तिथं गाडी थांबवा, भोरड्यांचा थवा त्यावर तुटून पडलेला असतो. पायथ्याचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तेही पाहून होतं.

21. इतकं लांब जमत नाही. सांगलीत कृष्णेच्या काठावर बसून पाहिलं तर?

पाहा की, पण पाण्यालगत बसू नका. सांगलीच्या कृष्णेत मगरी आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या वाळूवर, मळीवर ऊन खात पडतात. दुर्बीण डोळ्याला लावलेल्या माणसाला पायाजवळचं दिसत नाही. खंड्यासाठी खाली उतरायची गरजही नाही. 1929 च्या आयर्विन पुलाच्या कठड्याशी सकाळी उभे राहा. कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबतो, चोच खाली, मग दगड सोडल्यासारखा सरळ पाण्यात. पुलावरून हे सगळं तुम्हाला त्याच्या पाठीवरून दिसतं.